केरबाबुवांचं शुद्धिपत्र

"आणि समजा, एकही चूक नसली तर?"

जोतिराम मास्तरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

केरबाबुवा शेंगा फोडत बसले होते. एका शेंगेत दोन दाणे निघाले. एक त्यांनी तोंडात टाकला, दुसरा कुत्र्यापुढं.

"नसली तर काय?"

"तर त्या पुस्तकाला परिपूर्ण म्हणायचं की नाही?"

"कंच्या पुस्तकाला?"

कुठल्या, ते बुवांना पक्कं ठाऊक होतं. अख्ख्या खडकेवाडीला ठाऊक होतं. पण शिष्याला लगेच उत्तर दिलं तर तो गुरू कसला? तो चौकशीच्या खिडकीतला कारकून.

मास्तरांनी मांडीवरचा गठ्ठा पुढं सरकवला. छापखान्यातून तपासायला आलेली शेवटची मुद्रितं होती. एकशे बेचाळीस पानं. वर नाव : 'केरबाबुवांचे बोल'.

"अकरा वेळा तपासलंय, बुवा. सुलट वाचलं, उलट वाचलं. शेवटच्या ओळीपासून पहिल्या ओळीपर्यंत बोट ठेवून वाचलं. मालक म्हणाले, असं मुद्रित आमच्या छापखान्यात आजवर आलं नाही."

"असं म्हंजे कसं?"

"असं... निर्दोष."

बुवांनी आणखी एक शेंग फोडली. ती पोचट निघाली.

बुवांविषयी थोडं सांगायला हवं. ते जन्मानं साधू नव्हते. अर्धं आयुष्य गुऱ्हाळावर गेलं. नावाजलेले गुळवे होते, उकळत्या रसाच्या काहिलीवरच्या वाफेचा वास घेऊन गूळ कधी उतरवायचा ते सांगायचे. चाळिशी उलटल्यावर काय झालं कुणास ठाऊक, नदीच्या वळणावर खोपट बांधून राहिले. लोक येऊन बसू लागले. काही विचारू लागले. बुवा सुचेल ते सांगू लागले.

लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं. अंगठा उठवायचे आणि शाई लुंगीला पुसायचे.

जोतिराम मास्तर तालुक्याच्या शाळेत मराठी शिकवत. सव्विसाव्या वर्षी एका रविवारी बुवांना भेटायला आले आणि सोमवारी राजीनामा पाठवून दिला. त्याला आता वीस वर्षं झाली. तेव्हापासून बुवांच्या तोंडून निघालेलं एकेक वाक्य त्यांनी वहीत उतरवून घेतलं. बुवा शिंकले तर तेही लिहितील, असं गावकरी म्हणायचे. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. तिच्यावाचून पुढचं काही कळायचं नाही.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर, मोठ्या टायपात, एकच वाक्य होतं : 'घर सोडलं त्यानं उंबऱ्याकडं वळून बघू नये.'

एकोणीस वर्षांपूर्वी मास्तरांच्या थोरल्या भावाचं कार्ड आलं होतं. अण्णा अंथरुणाला खिळले आहेत, तुझं नाव घेतात, असशील तसा निघून ये. मास्तरांनी ते बुवांना वाचून दाखवलं. बुवांनी ऐकून घेतलं. मग हे वाक्य बोलले.

मास्तर गेले नाहीत. वडील नवव्या दिवशी वारले. त्यानंतर भावाचं कार्ड कधी आलं नाही.

मास्तरांचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं होतं. म्हणून त्यांना पुस्तकात चूक नको होती. काना-मात्रेची तर नकोच, पण खरी भीती काना-मात्रेची नव्हती. हे बुवांना कळत होतं. मास्तरांना कळत नव्हतं.

"मालकांनी एक विचारलंय," मास्तर म्हणाले. "छपाई सोळा-सोळा पानांच्या फर्म्यानं होते. शेवटी दोन पानं कोरी उरतात. शुद्धिपत्र असेल तर त्यात घालू म्हणतात."

"त्ये काय असतं?"

"पुस्तकात राहिलेल्या चुकांची यादी. अमुक पान, अमुक ओळ. अशुद्ध काय, शुद्ध काय."

"बरं असतंय की."

"आपल्या पुस्तकाला त्याची गरज नाही. मी म्हणतो, त्या पानावर मधोमध एकच ओळ छापू. 'या ग्रंथास शुद्धिपत्र नाही.' तुम्ही फक्त हो म्हणा. दुपारच्या एस.टी.नं गठ्ठा परत गेला पाहिजे. उद्या सकाळी यंत्र चालू होतंय."

बुवांनी टरफलं गोळा करून शेजारी ढीग घातला.

"मास्तर, काहिलीतला रस उकळला की वर काय येतं?"

"मळी."

"आन् न्हाई आली तर?"

"तर रस तापलाच नाही म्हणायचं." मास्तर जराही न थांबता म्हणाले. "हा दृष्टांत पान चौऱ्याहत्तरवर आहे, बुवा."

आता असल्या शिष्याला काय शिकवणार!

बुवा खदखदून हसले. हसता हसता खोकले. मास्तरांनी उठून पाण्याचा तांब्या दिला, पाठीवरून हात फिरवला. बुवा ब्याऐंशीचे होते. खोकला आला की मास्तरांचा चेहरा उतरायचा.

"बरूबर छापलाय का पर?"

"अक्षर न् अक्षर."

"मग घे कागद."

"कशाला?"

"शुद्धिपत्र लिवू."

मास्तरांनी गठ्ठा जवळ ओढला. अकरा वेळा वाचूनही काही राहिलं? आणि ते दिसलं कुणाला, तर अक्षरओळख नसलेल्या माणसाला?

"तुम्हाला वाचता कुठं येतं, बुवा?"

"अकरा येळा तूच वाचून दावलंस की."

मास्तरांनी कागद घेतला. पट्टीनं चार रकाने आखले. पान. ओळ. अशुद्ध. शुद्ध. रेघा सरळ आल्या.

"सांगा."

"पान चौदा. भुकेल्याला आदी नाम द्यावं, मग भाकरी."

मास्तरांनी पान उघडलं. डोळे बारीक करून पाहिलं. "बरोबर आहे, बुवा. स्वल्पविरामसुद्धा आहे."

"छापलंय बरूबर. बोललोय चूक."

"...म्हणजे?"

"म्हंजे चूक. अशुद्धच्या खाली लिव. आन् शुद्ध... भाकरी."

"नुसतं भाकरी?"

"नाम त्येचं त्यो घिईल."

मास्तरांनी लेखणी खाली ठेवली.

"बुवा, शुद्धिपत्रात छपाईच्या चुका घालतात."

"आन् माणसाच्या कुठं घालत्यात?"

हे मराठीच्या कुठल्याच शिक्षकाला कुणी शिकवलेलं नसतं. मास्तरांनी लेखणी पुन्हा उचलली. भाकरी लिहिलं.

"पान बावीस. साधूनं जनावर पाळू न्हाई."

कुत्रं बुवांच्या पायावर हनुवटी टेकून झोपलं होतं. त्याला नावही होतं. सोन्या.

"शुद्ध काय लिहू?"

"काय न्हाई. ती वळ खोडूनच टाक. ह्येला वाचता आलं आस्तं तर काय वाटलं आस्तं?"

मास्तर नाइलाजानं हसले. पण हसू पुरतं उमटलं नाही. त्यांना वाटलं, म्हातारपण आलं. बुवा भरकटायला लागले. लोक हे वाचतील आणि...

"लोक काय म्हणतील, बुवा? केरबाबुवा चुकायचे म्हणतील."

"लोकांस्नी म्हाईत हाय ते. तुलाच न्हवतं." बुवांनी सोन्याच्या कानामागं खाजवलं. "पान साठ."

पान साठ मास्तरांचं आवडतं होतं. 'नदी समुद्राला विचारत नाही, मी किती खारट होईन. ती फक्त उताराचं ऐकते.' तालुक्याच्या पेपरात हे चौकटीत छापून आलं होतं. दोन पुढाऱ्यांनी भाषणात वापरलं होतं.

"यात काय चूक आहे?" मास्तर जरा तिखट स्वरात म्हणाले.

"चूक काय न्हाई. झ्याक हाय. पर मी ह्ये म्हनलोच न्हवतो."



नदीवर कुणीतरी कपडे धूत होतं. दगडावरचा आवाज येत राहिला.

"मी म्हनलोतो, पानी उतारानं जातंय. बास. खारट-बिरट तुजं."

मास्तरांचे कान लाल झाले. वीस वर्षांत त्यांनी बुवांचं वाक्य बदललं नव्हतं. फक्त... कुठंकुठं जरा पॉलिश केलं होतं. एखादा शब्द. एखादी ओळ. बुवांच्या तोंडी शोभेल अशीच.

"रागावलात?"

"कशापायी? पोरगं गाणं म्हणाय लागलं तर आई रागावती व्हय?" बुवा पुढं झुकले. "लिव. पान साठ. अशुद्ध : केरबा. शुद्ध : जोतिराम."

"बुवा, नको..."

"लिव म्हंतोय न्हवं."

मास्तरांनी लिहिलं. स्वतःचं नाव लिहिताना अक्षर बारीक झालं. एवढ्या वर्षांत पुस्तकात ते नाव कुठंच नव्हतं. त्यांनी ते मुखपृष्ठावरही घातलं नव्हतं. त्यातही एक अभिमान होताच, पण तो राहू दे.

तेवढ्यात हौसाबाई ताकाचा तांब्या घेऊन आल्या.

हौसाबाई गेली चौदा वर्षं रोज ताक आणत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. तांब्या ठेवायच्या, बुवांच्या खोपटाला बोल लावायच्या, केर काढायच्या आणि जायच्या. बुवांना फटकारून बोलणारं माणूस गावात एकच होतं.

"काय टरफलं सांडून ठिवलीत! साधू हाय का खारुताई?"

"बस, हौसा. तुजंच पान येतंय."

"माजं कसलं पान?"

बुवांचा आवाज जरा खाली आला.

"पान एकतीस, मास्तर. वाच."

मास्तरांनी पान उघडलं, पण वाचलं नाही. हौसाबाईंसमोर ते वाचवेना. चौदा वर्षांपूर्वी पूर आला होता. हौसाबाईंचा मधला मुलगा, सदाशिव, म्हैस काढायला पाण्यात उतरला आणि वाहून गेला. तिसऱ्या दिवशी बाई बुवांपुढं येऊन बसली. डोळे कोरडे. शब्द नाही. साऱ्या गावानं श्वास रोखून धरला होता, बुवा काय सांगतात म्हणून.

"वाच रं."

मास्तरांनी वाचलं. "'गेलेल्यासाठी रडणं म्हणजे वाहून गेलेल्या पाण्यामागं घागर घेऊन धावणं.'"



"पोरगं पुरात गेल्यालं," बुवा म्हणाले. "आन् मी तिला पाण्याचा दाखला दिला."

मास्तरांनी मान वर केली. त्यांनी ते वाक्य निदान शंभर वेळा वाचलं होतं. वाचून दाखवलं होतं. सोपं, गोटीबंद, दृष्टांत चपखल. वहीत त्याच्यापुढं तेव्हा त्यांनी चांदणी काढली होती. या बाईला ते कसं लागलं असेल, हे त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"लिव. अशुद्ध."

"व्हय, आन् मी कुठं ऐकलं व्हतं?" हौसाबाई म्हणाल्या.

दोघंही त्यांच्याकडं बघायला लागले.

"तुमी बोलत व्हता. मला काय बी ऐकू येत न्हवतं. कानात नुसतं पानी व्हतं. मी आपली तुमच्या त्वांडाकडं बघत व्हते. आन् बोलता बोलता तुमचं डोळं भरलं. ते बघितलं आन् मग मी घरला ग्येले. गोठ्यात बसले आन् पोटभर रडले. म्हशीच्या गळ्यात पडून."

त्यांनी पदरानं तांब्याचा काठ पुसला.

"न्हाईतर ताक कशाला आणलं आस्तं इतकी वर्सं? तुमच्या शानपनापायी?"

बुवांनी मास्तरांकडं पाहिलं.

"माजं डोळं भरलं व्हतं ते लिवलंस का रं?"

"नाही, बुवा."

"का?"

"ते... ते बोल नव्हते."

मास्तरांना आता आठवत होतं. भरलेले डोळे त्यांनी पाहिले होते. पाहिले आणि वाक्य पुरं करायच्या घाईत सोडून दिले. बुवा फार वेगानं बोलत होते त्या दिवशी.

"शुद्ध काय घालू?" त्यांनी विचारलं.

"ज्येला लागलं त्येनं सांगायचं," बुवा म्हणाले. "हौसा?"

"मला काय इचारता? रडाय आलं तर रडू द्यावं माणसाला, एवढंच की. त्याला पुस्तक कशाला लागतंय?" हौसाबाईंनी केरसुणी उचलली. टरफलं लोटत लोटत त्या दारापर्यंत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "आन् ताक प्या. आंबट व्हईल."

मास्तरांनी लिहिलं. 'रडू द्यावं.' शेवटी पूर्णविराम दिला.

बाई गेल्या. दोघं ताक प्याले. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. एस.टी.ला तासभर होता.

"झालं का, बुवा?"

बुवा रिकामा पेला हातात फिरवत राहिले.

"चार झाल्या. पान उरतंय अजून. पण ठीक आहे. मी मालकांना..."

"पान एक."

मास्तर थांबले.

"पान एकवर फक्त ते एकच वाक्य आहे, बुवा."

"व्हय."

"ते नाही."

"मास्तर..."

"ते नाही!" मास्तर इतके मोठ्यानं बोलले की सोन्या जागा झाला. "भाकरी लिहिलं मी. कुत्र्याचं खोडलं. तुम्ही म्हणाल ते सगळं लिहीन. पण ते वाक्य बरोबर आहे. ते बरोबरच आहे, बुवा. तुम्ही त्याला हात लावायचा नाही."

शिष्यानं गुरूला असं दटावल्याचं मी दुसरीकडं कुठं ऐकलेलं नाही.

बुवांनी हातातला पेला खाली ठेवला.

"त्या दिशी तू कार्ड वाचलंस. वाचताना तुजा आवाज कापला. मला वाटलं, ग्येला ह्यो."

मास्तर ऐकत होते.

"बाप हाय, भाऊ हाय, घरदार हाय. नोकरी परत मिळंल. लगीन करतील. मंग ह्यो कशाला येतोय हितं, नदीकाठच्या खोपटात? एक वरीस झालं व्हतं तुला यिऊन. रोज सांजचं तू काय काय वाचून दावायचास. मी मनात म्हनलं, आता कोन वाचून दावनार?"

"बुवा..."

"मला भ्या वाटलं, मास्तर. आन् त्या भ्यापायी त्वांडातनं ते वाक्य निघालं." बुवांनी डोळे मिटले. "लई झ्याक निघालं."

नदीवरचा धोपटण्याचा आवाज थांबला होता.

मास्तर उठून उभे राहिले. मग बसले. मग पुन्हा उठले.

"हे तुम्ही मला एकोणीस वर्षांनी सांगताय?"

"व्हय."

"रोज सांगता आलं असतं. रोज मी इथंच होतो. या चटईवर."

"रोज ठरवायचो. तू रोज वही घिऊन बसायचास."

"मी बापाला खांदा दिला नाही, बुवा!" मास्तरांचा आवाज फुटला. "ते माझं नाव घेत होते. दादानं लिहिलं होतं, नाव घेतात म्हणून. आणि मी इथं बसून तुमचं वाक्य वळणदार अक्षरात उतरवून काढत होतो. त्याच्या पुढंही चांदणी काढली मी. चांदणी!"

ते रडायला लागले. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावर निम्मे केस पांढरे, ढसाढसा रडायला लागला. बुवांनी समजूत घातली नाही. जवळ घेतलं नाही. एवढ्यासाठी त्यांना काय सोसावं लागलं असेल, ते त्यांचं त्यांनाच माहीत. पण पुन्हा एखादं झ्याक वाक्य तोंडातून निघेल या धास्तीनं त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते, एवढं मात्र दिसत होतं.



रडणं ओसरल्यावर मास्तरांनी उपरण्यानं तोंड पुसलं. कागद ओढला. लेखणी शाईत बुडवली. पान : एक. ओळ : एक. अशुद्धच्या रकान्यात ते वाक्य लिहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न बदलता.

मग त्यांची लेखणी शेवटच्या रकान्यापाशी थांबली.

"शुद्ध?"

"ज्येला लागलं त्येनं सांगायचं."

"म्हणजे मी."

बुवांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, कळलं नाही.

मास्तर कागदाकडं बघत राहिले. काहीतरी लिहायला गेले. थांबले. दुसरं काहीतरी लिहायला गेले. रकाना तसाच राहिला. ज्यांना बुवांच्या एका शब्दावरून पाच ओळी सुचायच्या, त्यांना दोन शब्द सुचेनात.

"हे मला नाही सांगता येत," ते शेवटी म्हणाले. "मला लागलं ते आज. दादाला एकोणीस वर्षं लागतंय."

"व्हय."

"त्यानं एकट्यानं सगळं केलं. अण्णांचं औषधपाणी. दिवस-कार्य. लोकांनी विचारलं असेल, धाकटा कुठाय. काय सांगितलं असेल त्यानं?"

बुवा गप्प.

"आता तो माझ्याशी बोलेल असंही नाही. दारातून परत पाठवील."

बुवा गप्प.

"तुम्ही काहीतरी बोला की, बुवा!"

एक हात गुडघ्यावर, एक हात खोपटाच्या मेढीवर टेकून बुवा उठले. ब्याऐंशी वर्षांचं ते शरीर उठायला वेळ लागला. मास्तर आधार द्यायला पुढं झाले, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेले. तिथं मास्तरांच्या चपला होत्या. बुवा वाकले. चपला उचलल्या. दोन्ही हातांत धरून परत आले आणि मास्तरांच्या पायांपाशी नीट जोडीनं ठेवल्या.

मास्तर दोन पावलं मागं सरले. वीस वर्षांत त्यांनी बुवांच्या वहाणांवर धूळ बसू दिली नव्हती.

"हे काय करताय, बुवा? हे पाप का चढवताय माझ्यावर?"

"घाल."

"एस.टी.ला गठ्ठा जायचा आहे..."

"छापखाना थांबतोय. यंत्राला कुठं बाप हाय?"

मास्तरांनी चपला घातल्या. एस.टी.ची वेळ झाली होती. छापखान्याच्या गावावरून तीच गाडी पुढं घाटाखाली, दादाच्या गावाला जायची. त्यांनी मुद्रितांचा गठ्ठा दोरीनं बांधला आणि बुवांच्या उशाशी ठेवला. शुद्धिपत्राच्या कागदाची चौकोनी घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

"ताक झाकून ठेवलंय. औषध देवळीत आहे. संध्याकाळी खोकला आला तर गरम पाणी..."

"जा रं, लेका."

"हौसाबाईंना सांगून जातो लक्ष ठेवायला."

"जा."

मास्तर वाकले. बुवांच्या पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ तसेच राहिले. बुवांनी त्यांच्या केसांतून हात फिरवला, सोन्याच्या पाठीवरून फिरवायचे तसाच. पांढऱ्या केसांवर बोटं जरा रेंगाळली.

मास्तर उठले. दारातून बाहेर पडले. अंगण ओलांडलं, कुंपणाच्या फाटकाला हात घातला, आणि थांबले.

"बुवा."

"आं?"

"दादानं ठेवून घेतलं... आणि मी परत नाही आलो तर?"

खोपटातून बुवांचा आवाज आला. त्यात कापरं नव्हतं.

"तर पुस्तक पुरं झालं म्हणायचं."